घराचं तोंड धुणाऱ्या मावशी

"पयलं घराचं तोंड धुवू," असं म्हणत मावशी पदर कमरेला खोचायच्या आणि विकायला काढलेल्या घराच्या दारातल्या सगळ्या चपला एका पिशवीत कोंबायच्या. घरमालक बिचारा अनवाणी बघत राहायचा.

मी बोईसरला एका एजंटकडे फ्लॅटचे फोटो काढते, जाहिरातीत टाकायचे. तुम्हीही बघितले असतील: लख्ख ओटा, एकही सुरकुती नसलेली चादर. त्याच्या थोडं आधी तिथे काय होतं ते मला विचारा! दांडीवरचे ओले टॉवेल, पाण्याचं निळं पिंप, टीव्हीवर औषधांच्या पट्ट्या. हे सगळं नाहीसं करणं मावशींचं काम.

आमच्याकडची घरं एवढीएवढीशी. हॉलचा फोटो काढताना पसारा किचनमध्ये, किचनचा काढताना हॉलमध्ये. पालघरच्या एका घरात तर पसाऱ्याबरोबर आजीबाईंनाही हलवावं लागलं. "आजी, तुमची अडचण नाय हो," मावशी म्हणाल्या, "पन तुमी दिसल्यावर घराकडं कोण बघेल?" आजी अशी लाजली, की फोटो होईपर्यंत किचनमधून हलली नाही.

हार घातलेला फोटो भिंतीवर दिसला की गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून तोही उतरवावा लागतो. पण तो मावशींनी कधी पसाऱ्यात ठेवला नाही. आतल्या खोलीत मांडीवर घेऊन बसायच्या. "बसा जरा येळ माझ्याकडं," असं फोटोतल्या अनोळखी माणसाला सांगायच्या. मला हसू यायचं.

मग त्यांच्याच घरावर पाळी आली.

मावशींचं माहेर घिवलीचं. लग्नानंतरचं सगळं आयुष्य सालवडच्या एका वन बीएचकेत गेलं. नवरा कारखान्यात होता, तो वारला. मुलगा पुण्याला. आईने एकटीने राहू नये म्हणून त्याने घर विकायचं ठरवलं. मुलगा वाईट असता तर दोन शिव्या तरी घालता आल्या असत्या. मावशींना तिथून हलायचं नव्हतं, पण त्याला नाही म्हणवेना. एवढंच म्हणाल्या, "गिऱ्हाईक मिळंपर्यंत मी हितंच राहीन."

मी म्हटलं, हात्तिच्या! "मावशी, सोपं आहे. काही आवरूच नका. पिंप हॉलमध्ये आणा, गॅलरीत बोंबील वाळत घाला. वर्षभर कुत्रं फिरकायचं नाही."

"खरंच काय गं, बाय?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मंग तसंच करू."

ठरलेल्या दिवशी कॅमेरा घेऊन गेले, तर दारात एक चप्पल नाही. नळ चिंचेने घासून चमकवलेले. पलंगावर ठेवणीतली चादर. आणि मावशी नवऱ्याचा फोटो मांडीवर घेऊन बसलेल्या.

"अहो, हे काय केलंत?" मी ओरडलेच. "आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं व्हतं गं. सकाळी पिंप आणलं मधी. बोंबील पन घातले वाळत." त्या फोटोची काच पदराने पुसत राहिल्या. "मग बघवंना. ह्यांनी रातपाळ्या करून घेतलेलं घर हाय. लोकांना घाण दाखवू? ह्यांच्या घराला नावं ठेवून घेऊ?"

मी वाईट फोटो काढू शकले असते. अंधारे, वाकडे. मनात आलंही. पण मावशींनी ते ओळखलंच असावं.

"नीट काढ हां, बाय," त्या म्हणाल्या.

काढले. घर महिन्याच्या आत गेलं. बघायला आलेल्या पहिल्याच जोडप्याने पसंत केलं. सामान टेम्पोत चढलं तेव्हा मावशी रडल्या नाहीत. मीच जिन्यात उभी राहून रडले.

गेल्या वर्षी मावशी पुण्यातच वारल्या. त्याच्या थोडं आधी त्यांचा फोन आला होता. मुलगा-सून फार जपतात, कामाला हात लावू देत नाहीत, असं सांगत होत्या. मग म्हणाल्या, "बाय, मी तवा थोडी घाण राहू दिली असती, तर आज सालवडलाच असते ना?"

मला खोटं बोलवेना. "असता, मावशी."

मग त्यांनी विचारलं,

"पन घर चांगलं दिसलं ना गं?"

"दिसलं, मावशी. लई चांगलं दिसलं."