अण्णांची अर्धी दाढी

फोन आला तेव्हा ऑफिसहून परतताना मी हायवेवर अडकले होते, मस्कतच्या माबेला भागातलं आमचं घर अजून वीस मिनिटं लांब होतं. "अण्णा गेले गं... झोपेतच," सुहास म्हणाला. नवऱ्याला धीर द्यायचा सोडून माझ्या मनात पहिल्यांदा आली ती माझ्या सासऱ्यांची दाढी. तापातसुद्धा कधी दाढी न चुकवणारा हा माणूस सोळा दिवसांची खुंटं घेऊन गेला. त्याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारे अण्णांचं कौतुक करायला लागले की मी चहाच्या निमित्तानं आत जाते. माणूस कडू होता. मेला म्हणून त्याला गोड कसं म्हणू?

मिरजेच्या आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. कानस वाकडी धरली की तिचाच फटका बोटांवर. सुहासला सतराव्या वर्षी त्यांनी दाढी करायला शिकवली तीही अंगणात, शिकवणीच्या पोरांसमोर. हनुवटी कापली तेव्हा म्हणाले, "बघा रे, याला स्वतःचं तोंड सापडत नाही." पोरं हसली. तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, सुहास दाढी राखतो. सासूबाई गेल्या, अण्णांना कंपवात झाला, आणि आम्ही त्यांना मस्कतला आणलं. येताना बॅगेत सेफ्टी रेझर, ब्रश आणि साबणाची वाटी. पहिल्याच सकाळी तीन ठिकाणी कापून घेतलं. सुहासनं ट्रिमर आणला तर म्हणाले, "हा गवताला ठेव." खालच्या सलूनवाल्याला गालाला हात लावू देईनात, आणि सुहास काही त्या रेझरला शिवेना. उरले मी.

शिकवायला मात्र मास्तर पक्के होते, हे कबूल करते. इराच्या, म्हणजे आमच्या सहा वर्षांच्या मुलीच्या, वाढदिवसाचे उरलेले फुगे त्यांनी फुगवून घेतले, त्यांना फेस लावायला लावला आणि तो रेझरनं काढायला सांगितला. "दाबू नकोस. वजन हत्याराचं, हातानं फक्त दिशा द्यायची. केस वाढतात तिकडंच आधी." चार फुगे फुटले. प्रत्येक फुग्याला माझं माहेर निघालं. "तुझ्या बापानं तुला कणीक तरी मळायला शिकवली का गं?" मी दात-ओठ खाऊन पाचवा फुगा घेतला. नवव्या दिवशी त्यांनी स्वतःचा गाल पुढे केला. गरम पाण्याचा टॉवेल, मग फेस, डाव्या हातानं कातडी ताणायची, छोटे छोटे हात मारायचे... झाल्यावर त्यांनी थरथरता तळवा गालावरून फिरवला आणि म्हणाले, "ठीक." त्या एका शब्दावर मी दिवसभर ऑफिसात खूश होते, आणि स्वतःचाच राग येत होता. पुढे चार महिने रोज सकाळी साडेसहाला मीच त्यांची दाढी करत होते.

त्या दिवशी सुहास कामासाठी सलालाहला होता. अण्णांचा उजवा गाल झाला होता, डाव्यावर फेस होता. इरा दप्तर घेऊन आली. दोन दिवस माझ्याकडून घोकून घेतलेलं मराठी वाक्य तिनं हात जोडून म्हटलं, "अण्णा, मी शाळेत चालले आहे. तुम्ही नीट जेवा." अण्णा हसले. "पोपटसुद्धा बरं बोलतो. येत नाही तर तोंड उघडतेस कशाला?" इरानं माझ्याकडे पाहिलं. "मम्मा, आय सेड इट राँग?"

मी रेझर पाण्यात टाकला, हात पुसले, पर्स घेतली.

"अगं, अर्धी राहिली!"

"हात आहेत ना तुम्हाला? करा पुरी," मी म्हणाले आणि दार ओढून घेतलं. कंपवाताच्या माणसाला. इतका नेमका वार करायला मी त्यांच्याकडूनच शिकले असेन.

संध्याकाळी आले तर ते त्याच खुर्चीत होते. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर खुंटं, कानाखाली दोन जखमा. मी पाणी गरम करून आणलं. "नको," एवढंच म्हणाले. टोमणा नाही, शिवी नाही. मीही माफी मागितली नाही. मग रोज सकाळी मी पाणी ठेवायची, ते नको म्हणायचे, मी उचलायची. खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवसापासून मला त्यात मजा वाटायला लागली होती. बघू, किती दिवस टिकतो हट्ट... असं म्हणत मी दिवस मोजत होते.

सुहास परतला, वडिलांकडे बघत राहिला आणि काही न विचारता आंघोळीला गेला. अण्णांनी त्याला शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. मीही नाही.

स्मशानात लोक म्हणाले, ऋषीसारखे दिसत होते. मला म्हणाले, सून असावी तर अशी. आणि तेराव्याला सुहासनं त्या शेवटच्या दिवसांतला फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावला, लहान मुलासारखा रडला. "बघ ना... शेवटी अण्णांनी माझ्यासारखी दाढी राखली. मनातलं बोलता येत नव्हतं त्यांना, म्हणून असं सांगितलं मला." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आता तो येईल त्याला ही गोष्ट सांगतो, फोटोसमोर उभा करून सांगतो. मी ट्रे घेऊन शेजारी उभी असते.

तोंडानं सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून हे लिहिलं आणि पेपरच्या रविवार पुरवणीला पाठवलं; या रविवारी छापून येतंय. रविवार इथं कामाचा दिवस, पण सुहास पहाटेच्या चहाबरोबर फोनवर ती पुरवणी वाचल्याशिवाय घर सोडत नाही. या रविवारी इराला घेऊन मी त्याच्या आधीच निघणार आहे.