मास्तर आणि उपाशी मासा

शिवणकाम करणाऱ्या कोणालाही लोक मास्तर म्हणतात, पण हे मास्तर खरोखरच मास्तर होते. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याचं माप त्यांच्या डोळ्यांत उतरलेलं असायचं; टेप लावायचे ते केवळ समोरच्याच्या समाधानासाठी. कारागीर मशीनवर बसला की हे त्याच्या पाठीमागे उभे. मग बिचाऱ्याची सरळ चाललेली टीपही घाबरून वाकडी जायची, आणि हे म्हणायचे, बघ, मी नसतो तर काय झालं असतं! त्यांच्या दुकानात कारागीर का टिकत नाहीत, हे एक मास्तर सोडले तर सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी तीच नजर एकुलत्या एका मुलावर असायची. तो बसतो कसा, चालतो कसा, जेवताना पाणी किती पितो. चिमणीएवढं खातोस, अंगावर सदरा उभा राहायचा कसा, हे तर रोजचंच. मुलगा उलटून बोलत नसे. दोन घास खाऊन मुकाट उठून जाई. पुढे तो शिवणकाम न शिकता कुरिअरच्या कचेरीत लागला, आणि पगारातून त्यानं स्वतःच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. पैसे देऊन पाणी खारट करणारा माणूस आपल्याच घरात निघावा, याचं मास्तरांना नवल वाटायचं. टाकीकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

एक दिवस कामावरून परतताना मुलाच्या दुचाकीला ट्रकनं धडक दिली. तो घरी आलाच नाही.

टाकीत एका छोट्या खेकड्याखेरीज एकच मासा होता. मुलानं त्याच आठवड्यात आणलेला. तळहातासारखा चपटा, अंगावर पिवळे पट्टे, तोंड पुढे चोचीसारखं निघालेलं. हा फार नखरेल असतो, पण एकदा खायला लागला की जगतो, असं तो आईला म्हणाला होता. मासा अजून खायला लागलाच नव्हता.

मास्तरांनी दुकानाला कुलूप लावलं आणि माशापाठी लागले. मुलाला वाचवणं आपल्या हातात नव्हतं. हा मात्र जगलाच पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. शोभेचे मासे विकणाऱ्या ज्या मासेवाल्याचं दुकान त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या दारात ते रोज दिसू लागले. त्यानं सांगितलं, लसणाच्या रसात भिजवून द्या. दिलं. जिवंत बारीक कोळंबी सोडा. सोडली. शेवटी तो म्हणाला, शिंपला उघडून ठेवा, याची चोच फटीतून खाणं टिपण्यासाठीच असते. मास्तरांनी शिंपला आणला, दोरे ओढायच्या चिमट्यानं हलकेच खाली दगडावर ठेवला, दुकानातला कामाचा दिवा आणून टाकीवर लावला आणि काचेला खुर्ची भिडवून बसले. चष्म्यातून टक लावून. मासा दगडामागे गेला तो गेलाच. त्याचं पोट खपाटीला गेलेलं मास्तरांना दिसत होतं, आणि ते आणखीच पुढे वाकत होते.

असाच एकदा ताजे शिंपले आणायला गेलेल्या मास्तरांना मासेवाल्याकडे बराच वेळ थांबावं लागलं. परतून पाहतात तो टाकीतला शिंपला रिकामा, अगदी चाटूनपुसून. त्यांना वाटलं, जमलं! दुसरा ठेवून समोर बसले, तर मासा पुन्हा दगडाआड. पुढच्या खेपेलाही तेच. मास्तरांची खात्री पटली की टाकीतला तो छोटा खेकडा चोर आहे. त्याला उचलून बाहेर काढायच्या तयारीनं त्यांनी बाह्या सरसावल्या आणि बायकोला हाक मारून विचारलं, तिनं त्याला शिंपला खाताना कधी पाहिलंय का.

ती ओले हात पुसत दारात उभी राहिली.

"खेकड्याला कशाला काढता? मासाच खातो. तुम्ही बाहेर पडलात की येतो पुढे आणि सगळं संपवतो. मी बघते ना रोज."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं टाकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "कसं सांगू? आपल्या पोराचंही तसंच होतं. तुम्ही दुकानात गेलात की माझ्याकडे पुन्हा ताट मागायचा. चांगला पोटभर जेवायचा तो."

मास्तर खुर्चीत तसेच बसून राहिले. मुलाच्या खांद्याचं, छातीचं, बाहीचं माप त्यांना तोंडपाठ होतं. त्याची भूक केवढी होती, हे त्यांना आज कळत होतं.

"जेवताना बोलायचा?" त्यांनी विचारलं.

"खूप," ती म्हणाली. "हसायचा पण."

मास्तर उठले. त्यांनी दिवा बंद केला, ताजा शिंपला दगडावर ठेवला आणि खुर्ची काचेपासून दूर ओढून भिंतीला लावली. मग चपला घालून दुकानात गेले. इतक्या दिवसांनी शटर वर गेलेलं पाहून शेजारपाजारच्यांना बरं वाटलं. मास्तर सावरले, असं ते आपसात म्हणाले. मास्तर मशीनपुढे बसून होते. शिवायला कपडा होता, पण हात चालत नव्हता.

दुपारी घरी जावंसं त्यांना फार वाटलं. पण आत्ता तो खात असेल, म्हणून ते गेले नाहीत.