सोडू का रे भो?

दोर सैल करण्याआधी आबा हमखास विचारायचे, "सोडू का रे भो?" कड्यावर तर विचारायचेच; पण सायकलींवरून सोनगीरला जाताना चढावर माझ्या पाठीला लावलेला हात काढायचा तरी तेच. एकदा कुणाच्या तरी लग्नात ते मांडवाची दोरी धरून उभे होते. भर मंगलाष्टकांत त्यांनी मंडपवाल्याला खणखणीत आवाजात "सोडू का?" विचारलं आणि नवरदेव दचकला. वीस वर्षांत मी "हो" म्हटल्याशिवाय त्यांनी माझा दोर कधी सोडला नाही.

आबा धुळ्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते, मी शाळेत कारकून. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, बुटके, पण हात असे की दगडाला चिकटले की चिकटले. रविवार आला की आम्ही डोंगरात. बायका करवादायच्या. आबा म्हणायचे, "डोंगर कोठे पळी जात नही, पन आपन म्हातारा हुई जासूत." निवृत्त झाल्यावर दोघांनी पगारी वाटाडे व्हायचं, तेही एकाच दोरावर, असं आमचं पक्कं ठरलं होतं.

आबा निवृत्त होण्याआधीच्या हिवाळ्यात सातपुड्यातल्या एका कड्यावर मला घेरी आली. हात सुटले आणि मी दोरावर लोंबकळत राहिलो. वर आबांनी पाय रोवून मला पंधरा मिनिटं तोलून धरलं. वर पोचलो तेव्हा त्यांच्या तळहातांची सालटी निघाली होती. मी रडलो, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. कुणाला सांगायचं नाही, एवढंच ते म्हणाले, "हाई गोट आपला दोन्हीमाच ऱ्हाई."

नव्वदनंतर मुंबईची एक कंपनी सातपुड्यात पर्यटक आणू लागली. त्यांना वाटाडे हवे होते. आबा तोवर निवृत्त झाले होते. मी मुदतीआधीच राजीनामा दिला. धुळ्याच्या विश्रामगृहात मुलाखत झाली. तिथला नियम असा, की प्रत्येकाने आपल्या दोरावरच्या जोडीदाराविषयी चार ओळी लिहून द्यायच्या. मी आबांविषयी पानभर लिहिलं. आबांचा कागद कंपनीच्या साहेबांनी माझ्यापुढे सरकवला. वाकड्या अक्षरांत दोनच ओळी होत्या: "याला कड्यावर चक्कर येते. लोकांच्या दोरावर ठेवू नये."

आबांना घेतलं. मी बाहेर येऊन त्यांना गाठलं. म्हटलं, "आबा, निदान मला आधी सांगायचं होतंत."

ते खाली बघत म्हणाले, "तुले सांगतू ते तू रडता, आन मी कागद फाडी टाकतू."

खरं सांगतो, त्यांनी लिहिलं त्यात खोटं काहीच नव्हतं. माझ्या घेरीपायी एखाद्या परक्याचा जीव गेला असता. हे मला त्या दिवशीही कळत होतं. पण नोकरी गेली, डोंगर गेला, आणि ज्या माणसापाशी मी माझी सगळ्यात मोठी भीती ठेवली होती त्यानेच ती कागदावर मांडली. सात वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. मुंबईच्या बायकांनाही ते "सोडू का?" विचारतात आणि त्या हसतात, असं कानावर यायचं. मला हसू यायचं नाही.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. सुनेने निरोप धाडला, आबा तुमचं नाव घेतात. गेलो. आबांना अंगणात बसायचं होतं. मी त्यांचा हात धरून त्यांना ओट्याच्या तीन पायऱ्या उतरवल्या. शेवटची पायरी उतरताच मी तो हात सोडला. मुद्दामच, न विचारता.

आबा झोकांडले. चांगल्या हाताने त्यांनी भिंत धरली आणि माझ्याकडे पाहिलं. मग जड जिभेने म्हणाले, "असं लागनं व्हतं का रे भो तुले?"

मी "हो, असंच लागलं" म्हटलं. मग त्यांचा हात पुन्हा धरला आणि त्यांना खाटेवर बसवलं. मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. रागही गेला नाही.

पंधरवड्याने आबा गेले. खांदा द्यायला मी होतो. स्मशानात तिरडी खाली टेकली, बाकीच्या तिघांनी हात काढले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सोडू का, आबा?"