रेश्माचं मूळ प्रमाणपत्र

रेश्माच्या भावाचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये हेल्मेट काढत होतो. "दीदी गेली, सर... डोक्यात रक्तस्राव झाला," एवढंच तो बोलला. दीड महिना झाला त्याला. मला दुःख झालं, हे खरं. पण त्याच्याही आधी मनात आलं, की आता 'रेश्माताई कुठायत?' विचारत कुणी माझ्या टेबलावरून पुढं जाणार नाही. लिहिताना लाज वाटते, पण हे वगळून तिच्याविषयी लिहिलं तर ते खोटं होईल.

सोलापुरातल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग मी एकट्यानं उभा केला होता. रेश्मा माझ्या हाताखाली आली. डिप्लोमा झालेली, मंगळवेढ्याहून रोज एसटीनं येणारी. हजेरी, माल, पगार यांसाठी आमच्या आतल्या वेबसाइट होत्या, फक्त कारखान्यात उघडणाऱ्या. साइट खरी आपलीच आहे, अशी ब्राउझरला खात्री देणारी त्यांची सुरक्षा प्रमाणपत्रं मी कशीबशी बनवलेली. ब्राउझर ती मानायचा नाही, दर वेळी लाल इशारा दाखवायचा. 'तरीही पुढे जा' दाबायचं, असं मीच सगळ्यांना शिकवलं होतं. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "सर, इशाऱ्याकडं बघायचंच न्हाय, असं शिकवतोय की आपण लोकांना."

"तू तुझं काम बघ," मी म्हणालो.

पुढं पगार विभागातल्या ललिताबाईंनी हुबेहूब आमच्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या पानावर पासवर्ड टाकला. इशारा आला होता; त्यांनी सवयीनं पुढचं बटण दाबलं. मालकांसमोर त्या रडत होत्या; मीही तिथंच उभा होतो. रेश्मा म्हणाली, "चूक त्यांची न्हाय, साहेब. सवय आपण लावली." आपण! तिनं सरळ माझं नाव घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

प्रमाणपत्रांचं काम तिच्याकडं गेलं. तिनं कारखान्याचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र तयार केलं, प्रत्येक कॉम्प्युटरला त्याची ओळख करून दिली आणि त्याच्याच आधारानं एकेका साइटला नवं प्रमाणपत्र दिलं. पॅकिंगपासून गोदामापर्यंत ती हिंडायची, लोक तिच्यासाठी चहा मागवायचे, आणि मी काचेआडून बघत बसायचो. लाल इशारे गेले. मालकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "माझ्या देखरेखीखाली झालं सगळं." ती मागंच उभी होती. काहीच बोलली नाही... त्या न बोलण्याचासुद्धा मला हेवा वाटला.

ती गेल्यावर महिन्याभरात हजेरीच्या साइटच्या प्रमाणपत्राची मुदत संपली. हजेरी लागेना, सकाळी फाटकाशी रांग लागली. तिच्या ड्रॉवरमध्ये निळ्या पुठ्ठ्याची वही सापडली, नूतनीकरणाच्या सगळ्या पायऱ्या मराठीत लिहिलेली. सातव्या पायरीवर मी अडलो. शेजारी तिनं लिहिलं होतं, 'हितं अडलं तर सरांना विचारा. त्यांना येतं.'

मला येत नव्हतं.

मग ललिताबाईंना बोलावलं. रेश्मानं त्यांना एकदा शेजारी बसवून हे दाखवलं होतं, असं कानावर होतं. खुर्ची पुढं केली. "मला हे जमत न्हाय," मी म्हणालो, "तुम्ही सांगा." त्यांनी चष्मा लावला, सातव्या पायरीवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचायला लागल्या.

वही आता माझ्या टेबलावरच असते. साइट अडली की लोक येतात, मला न विचारता उघडतात, वाचतात आणि जातात. हेवा अजून वाटतो... वही मात्र मी आत ठेवत नाही.