आवाज सुनेचा, पुरस्कार नवऱ्याला

नव्वदीच्या सुरुवातीला कल्याणात आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याने स्वतःचा चॅनेल काढला. चॅनेल म्हणजे काय, तर त्याच्या घरातली एक खोली, एक व्हिडिओ कॅमेरा आणि एक व्हीसीआर. खाडीकाठच्या कोळीवाड्यांतले कबड्डीचे सामने तो चित्रित करायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाखवायचा. चित्र बरं असायचं, पण समालोचन करणारे गृहस्थ शोकसभेत बोलल्यासारखे बोलायचे.

एकदा तो वायर दुरुस्त करायला आमच्याकडे आला, तेव्हा मला राहवलं नाही. "अहो, अख्खा संघ बाद होऊन लोण चढला, आणि तुमचे गृहस्थ पाहुण्यांचे आभार मानत बसलेत!"

"मग तुम्हीच बोला ना, वहिनी."

मी लग्नाआधी कॉलेजच्या संघातून चार वर्षं कबड्डी खेळलेली. शिवाय तोंडाचा पट्टा जन्मजात. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. सासूबाईंनी मात्र अट घातली, केबलवाल्यासमोरच. "बोलायचं तर बोल. पण टीव्हीवर नाव येता कामा नये. नातेवाईकांत शोभा नको."

त्यामुळे माझा आवाज गावभर झाला आणि मी कोण ते कुणाला कळेना. वर्षभर मी हे निमूट सोसलं, आणि माझ्यासारख्या तापट बाईला ते सोपं नव्हतं. माझ्या आधीच्या त्या गृहस्थांचं नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत यायचं, आणि माझं नाही, हे मला फार लागायचं.

समालोचन आम्ही नंतर भरायचो. कॅसेट लावायची, खिडक्या बंद, पंखाही बंद, कारण माईकमध्ये त्याची घरघर यायची. घामाने निथळत मी चढाया आणि पकडी ओरडून सांगायची. भिंतीपलीकडे केबलवाल्याच्या बायकोचा कुकर असायचा. ऐन पकडीला त्याची शिट्टी व्हायची आणि ती तशीच प्रसारित व्हायची. कॅसेट बघायला आलेले कोळीवाड्यातले खेळाडू गमतीने विचारायचे, "काय वयनी, आज कुकर पंच का?" खेळाडूंना तेवढं मी कोण ते ठाऊक होतं.

घरी सासूबाई मटार सोलता सोलता म्हणायच्या, "आवाज कमी कर गं." काही महिन्यांनी तेही म्हणेनाशा झाल्या. मग एके संध्याकाळी शेंग हातातच राहिली आणि त्या माझ्यावर डाफरल्या, "पकड कसली म्हणतेस? त्याचा पाय आधीच बाहेर गेला होता." त्यांचंच बरोबर होतं. मी मनातून खूश झाले.

पुढे जिल्ह्यातल्या केबलवाल्यांनी मिळून ठाण्यात एक समारंभ ठेवला. उत्कृष्ट क्रीडा समालोचनाचा पुरस्कार आमच्या चॅनेलला जाहीर झाला. मी, नवरा आणि सासूबाई एसटीने ठाण्याच्या खोपट स्टँडवर उतरलो. मी ठेवणीतली साडी नेसलेली. वाटलं, आज तरी नाव घेतील. निदान या एका सभागृहात तरी.

नाव घेतलं. नवऱ्याचं!

मागच्या खुर्चीवरून केबलवाला माझ्या कानाशी आला. "वहिनी, मावशींनी तुमचं नाव लावायचं नाही सांगितलेलं ना. मग मी साहेबांचं दिलं. घरातल्या घरातच राहिलं की." बिचाऱ्याला वाटलं, त्याने आमची अब्रू राखली. संतापाने माझ्या कानशिलांवर शिरा उडायला लागल्या आणि डोळ्यांत पाणीही आलं. नवरा खुर्चीला चिकटून बसलेला. व्यासपीठावरून त्याचं नाव पुन्हा पुकारलं. "जा," मी म्हटलं, "घेऊन ये."

तेवढ्यात सासूबाई उभ्या राहिल्या. आयुष्यात चारचौघांत कधी न बोललेली बाई, पण आवाज खणखणीत लागला.

"अहो, हा माझा मुलगा. याला कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही. बोलते ती माझी सून. नाव तिचं घ्या."

सभागृहात हशा पिकला. सूत्रसंचालकाने विचारलं, "काय नाव म्हणालात, आजी?"

सासूबाईंनी माझं माहेरचं नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने लिहिलेलं माझं नवं नाव सासूबाईंनीच ठरवलेलं, आणि त्यानंतर आमच्या घरात जुनं नाव कुणी उच्चारलंही नव्हतं. ते आता माईकवरून ऐकू आलं. समारंभाला आलेल्या कोळीवाड्यातल्या खेळाडूंच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या. मी ताठ मानेने वर गेले आणि पुरस्कार घेतला.

खाली आल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "ते नाव कसं काय घेतलंत?"

"कबड्डी कोण खेळली? तीच ना?" पुरस्कार माझ्या हातातून आपल्या मांडीवर घेत त्या म्हणाल्या. "मग तिलाच मिळायला हवा."