मुळांवरच्या गुलाबी गाठी

सुकापूरच्या फ्लॅटमध्ये राहून गावची शेती करायची, तर यादी हवीच. मागच्या वर्षी भातकापणी झाली आणि थोरल्या जाऊबाईंनी आपल्या शेतातला चार गुंठ्यांचा तुकडा माझ्या हवाली केला, वाल टोकायला. मी यादी केली : बियाणं, खुरपं, टोपी, पाण्याची बाटली, युरिया. भाताला घालतात, मग वालाला का नको? दर रविवारी जात होते. वेल असे फोफावले की फोटोंनी मोबाइल भरला. पोपटी लावायची, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायची वेळ आली तेव्हा मात्र सूपभरसुद्धा शेंगा निघाल्या नाहीत.

"पाल्याचीच पोपटी लाव आता," जाऊबाई म्हणाल्या. "पुढल्या साली पन असंच झालं तं तुकडा परत घेईन गो बाय."

मग त्यांनी माझ्या वालाचं एक रोप उपटलं. मुळं दोऱ्यासारखी साफ. शेजारच्या त्यांच्या वाफ्यातलं रोप उपटलं, तर मुळांवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गाठीच गाठी.

"ताई, तुमच्या वालाला कीड लागलीय."

त्या हसत हसत बांधावरच बसल्या. "कीड नाय ती. कमाई हाय."

घरी येऊन वाचलं. त्या गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र धरून रोपाला देतात आणि बदल्यात रोपाकडून साखर घेतात. युरिया म्हणजे आयता नत्र. तो मिळाला की रोप गाठी धरायचा त्रास घेत नाही, नुसता पाला वाढवतं. मी चार गुंठ्यांतल्या सगळ्या कामकऱ्यांना बसवून ठेवलं होतं.

यंदा युरियावर काट मारली. जिवाणू मिळावेत म्हणून जाऊबाईंच्या वाफ्यातली दोन घमेली माती मागून आणली, ओलसर करून बियाण्याला चोळली आणि त्याच दिवशी टोकणी उरकली. महिन्याभरानं एक रोप अलगद खणून काढलं. गाठी होत्या. एक नखानं फोडली, आत छान गुलाबी. म्हणजे जिवाणू कामाला लागलेत. मी बांधावर एकटीच हसत उभी राहिले. जाऊबाईंना फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "मुळं काय खायाची हायत? शेंगा दाखव."

माघात घरचे सगळे जमले. मडकं घासलं, भांबुर्ड्याचा पाला आणला, बटाटे आणि अंडी धुऊन ठेवली. जाऊबाई मात्र आधी थेट वाफ्यात शिरल्या. मी मागे टोपली घेऊन. त्यांनी एक शेंग सोलली, दाणा दाताखाली धरला. दुसरी सोलली. माझ्या टोपलीत शेंगा पडत होत्या, तळ केव्हाच झाकला होता. 

वाफ्याच्या टोकाला त्यांनी कमरेची जुनी ओढणी काढली, तिच्या पट्ट्या फाडल्या आणि भरगच्च शेंगांच्या पाच-सहा वेलांना बांधल्या.

"यांना हात नाय लावायचा."

"का?"

"सुकू दे वेलावरच. बियानं नको का तुला पुढल्या सालाला?"


मी टोपली डोक्यावर घेतली आणि पोपटीकडे जवळजवळ पळतच निघाले.