सूर्यावरचा ठिपका

काल बदलापूरच्या घरी लेकीनं मोबाईलवर सूर्यावरच्या डागाचा फोटो दाखवला. डागाच्या वर तापलेल्या वायूचे केसासारखे बारीक धागे उभे होते. मला लग्नाआधीची अंबरनाथची गच्ची आठवली.

एमआयडीसीत वेल्डर असलेल्या बाबांची काळी काच डोळ्यांपुढे धरून मी सूर्यावरचा ठिपका पाहत होते. पुण्यात एमएस्सीला प्रवेश मिळाला होता. मला हेच शिकायचं होतं.

"बाबा, त्या डागाच्या वर काय असेल?"

"काय असणार? पुण्याचं डोक्यातून काढ. रविवारी बदलापूरची माणसं तुला बघायला येतायत."

पायाखालची लादी पोळत होती, पण मी काच खाली घेतली नाही. घेतली असती तर रडणं दिसलं असतं. कारखान्यातल्या पाळीची वेळ झाली, कामाला काच लागणार होती, तरी बाबा ती न मागताच जिना उतरले. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला आज कळतंय.